खाडीतला फेस

"पाय उचल, रूथ! थांबलीस की चिखल धरतो!" चेतना पुढून ओरडली, पण तोवर उशीर झाला होता. रूथचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. शेवटी इमॅन्युएलमामानं तिला दंडाला धरून मुळा उपटावा तशी उपटली आणि पुन्हा चालायला लावली. मागून भाग्येश खो खो हसत होता. चार पावलांनंतर तोही रुतला, मग हसायची पाळी रूथची आली.

नवापूरकडच्या डोंगरातल्या पोरीला चिखल काही नवा नव्हता. भातलावणीच्या चिखलात ती रांगायला लागल्यापासून लोळली होती. पण खाडीचा हा चिखल भलताच होता. काळाभोर, निसरडा आणि नजर जाईल तिथपर्यंत पसरलेला. काल दुपारी याच जागेवर माणूस बुडेल इतकं पाणी होतं आणि आज सकाळी पाणी कुठं नाहीसं झालं होतं कुणास ठाऊक. समुद्राचं हे सारखं येणं-जाणं पाहून रूथला आल्या दिवसापासून चैन नव्हतं. तिच्या गावचा नाला कसा, एकदा खाली निघाला की निघाला.

दिवाळीची सुट्टी अजून आठवडाभर उरली होती. रूथचा इमॅन्युएलमामा पावसाळ्यानंतर गुजरातच्या किनाऱ्यावर, खाडीफळिया नावाच्या कोळीवस्तीत, छगनकाकांच्या जाळ्यावर मजुरीला असायचा. भात कापायला तो घरी आला होता. परत जाताना रूथनं त्याचा पिच्छा पुरवला आणि तिच्याच सातवीच्या वर्गातल्या भाग्येशनं रूथचा. भाग्येशचे वडील नवापूरला नोकरीला. मूळचे म्हसावदचे, केळीच्या बागा असलेले. त्या घरात आजवर कोणी समुद्र पाहिला नव्हता. नातवाला समुद्रानं गिळलं तर काय, म्हणून आजी रडली, पण आजोबांनी परवानगी दिली. गाडीनं सुरत, तिथून बस, आणि बसमधून उतरल्या उतरल्या छगनकाकांची चेतना दोघांच्या गळ्यातच पडली. तीही सातवीतच होती. नवापूरच्या पोरांच्या कानावर गुजराती लहानपणापासून पडतं, आणि चेतनाला मामाच्या संगतीनं मोडकंतोडकं मराठी येत होतं, त्यामुळे भांडणाला भाषेची अडचण अशी पडलीच नाही.

छगनकाकांचं जाळं खुंटाचं होतं. चिखलात लांबलचक ओळीनं खुंट ठोकलेले, जाळ्याची खालची कड गाळात पुरलेली. भरतीचं पाणी मासे घेऊन आत यायचं. भरती पुरी झाली की जाळ्याची वरची कड खुंटांवर चढवायची. ओहोटीला पाणी निघून जायचं, मासे मागे राहायचे. मग चालत जायचं आणि टोपल्यांत भरून आणायचे. रोज सकाळी जाळ्यापाशी नुसती फडफड चाललेली असायची.

त्या सकाळी फडफड नव्हती.

"केवढे मासे!" भाग्येश ओरडला आणि धावत सुटला. खरंच, जाळ्याच्या कडेनं माशांची चंदेरी रास लागली होती. पण मामा जागच्या जागी थबकला. छगनकाका वाकून एकेक मासा उचलून पाहू लागले. सगळे मेलेले होते. बोय, शिंगाळी, लहान-मोठं सगळं पोट वर करून, तोंडं उघडी ठेवून पडलेलं. खुंटांच्या बुडाशी साबणाच्या पाण्यासारखा पांढरट फेस साचला होता. आणि त्या मेलेल्या राशीत कोळंबी टणाटण उड्या मारत होती. खेकडे तर जणू घरचं लग्न असल्यासारखे इकडून तिकडे हिंडत होते.

रूथनं हे आधी पाहिलं होतं. समुद्रावर नव्हे, गावाकडे. आणि ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"मामा, हे तर गेळ टाकल्यासारखं झालंय!"

छगनकाकांनी मान वर केली. गेळ म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. रूथला कोणी काही विचारलं की तिला सगळं सांगावंसंच वाटायचं. तिनं सांगून टाकलं, की गेळ हे रानातलं काटेरी झाड, त्याची फळं ठेचून डोहाच्या पाण्यात कालवली की फेस येतो, मासे गुंगून वर येतात, खेकड्यांना मात्र काही होत नाही. उन्हाळ्यात सगळं गाव मिळून एक दिवस ठरवतं आणि डोहावर जातं. आणि बढाईच्या भरात तिनं वर हेही जोडलं, की आमच्या मामासारखं गेळ ठेचणं कुणालाच जमत नाही.

बोलून झाल्यावर तिला मामाचा चेहरा दिसला. शेजारच्या जाळ्यांवरचे दोघेतिघे तोवर जवळ आले होते. त्यांच्याही जाळ्यांत हेच झालं होतं. ते एकमेकांकडे पाहू लागले, आणि मग सगळे मिळून मामाकडे.

दुपारपर्यंत वस्तीभर झालं. डोंगरातल्या माणसानं खाडीत जहर घातलं! मामा समजावून सांगू लागला, की गेळ साचलेल्या डोहात टाकतात, वाहत्या पाण्यात कोणी टाकत नाही, आणि आपल्याच धन्याचं जाळं आपण का नासवू? पण तो जितकं समजावत गेला, तितका त्याचा पाय खोलात गेला. याला जहराची बरीच माहिती दिसते, असं लोक म्हणू लागले.

त्यात नवलभाई मोटारसायकलवरून आले. खाडीच्या मुखाजवळ कोळंबी वाढवायचे मोठाले तलाव होते, त्यांचा कारभार नवलभाईंकडे होता. तिकडच्या लोकांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाले की परक्या माणसाला घरात घेताना चार वेळा विचार करावा. एवढं बोलून ते निघूनही गेले.

संध्याकाळी छगनकाकांनी खालमानेनं मामाला निर्णय सांगितला. उद्या दुपारी खाडी भरलेली असते, कुणाला काम नसतं, तेव्हा सगळे जाळेवाले खाडीकाठच्या ओट्यावर बसतील. त्यांचं मत फिरलं नाही, तर मामानं संध्याकाळच्या बसनं गावी जायचं. आणि यापुढे या खाडीवर नवापूरकडचा कुणीही माणूस ठेवला जाणार नाही.

झोपडीत बसून मामा कपड्यांच्या घड्या घालू लागला, आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागला. पलीकडच्या वस्तीत त्यांच्या गावचे आणखी तिघे कामाला होते. त्यांनी गावी फोन केला होता. म्हणजे सोमीमामीला आत्तापर्यंत कळलं असणार, आणि रविवारी चर्चमध्ये सगळं गाव तिच्याकडे वळून पाहणार. जीभ रूथची, आणि शिक्षा मामाला!

"मी जहर कोणी टाकलं ते शोधणार," ती बाहेर येऊन म्हणाली. "उद्या दुपारच्या आत."

"आणि नाही सापडलं तर?" भाग्येशनं विचारलं.

"सापडणारच."

"ही अशी तोऱ्यात बोलली की माले भीती वाटस," भाग्येश चेतनाला म्हणाला. तो घाबरला की घरची अहिराणी बोलायचा.

सकाळी तिघं उजाडताच निघाली. कुठं जायचं याबद्दल रूथला तिळमात्र शंका नव्हती. डोहात फेस दिसला की गेळ वरच्या अंगाला ठेचलेलं असतं. घाण नेहमी वरून खाली येते, हे तिच्या गावात पाळण्यातल्या पोराला कळतं. तेव्हा खाडीच्या कडेनं वर, जमिनीच्या दिशेनं चालत राहायचं. ती पुढे, चेतना मधे आणि हातात चपला घेऊन धापा टाकणारा भाग्येश मागे.

ओहोटी होती. खाडी बारीक होत होत ओढ्याएवढी झाली. तिवराची झुडपं संपली, बाभळी लागल्या. एका पुलाखाली बायका धुणं धूत होत्या. त्यांच्या साबणाच्या फेसाकडे रूथनं इतकं रोखून पाहिलं, की एकीनं तिला काय हवंय म्हणून दटावलं. पण त्या फेसाच्या खालीच बारीक मासे मजेत फिरत होते. पुढे म्हशी डुंबत होत्या. त्याच्याही पुढे एक लहानसा बांध होता, आणि बांधाच्या पलीकडे उसाचं शेत. कुठं मेलेला मासा नाही, ठेचलेलं फळ नाही, काही नाही. रूथ बांधावर चढली, उतरली, पुन्हा चढली. ऊन वर आलं होतं.

"चल परत," चेतना म्हणाली. "भरती लागेल आता."

तिघं परत फिरली. मामाला बसमध्ये बसवताना आपण कुठं तोंड लपवायचं, एवढाच विचार रूथच्या डोक्यात फिरत होता. भाग्येश काठावर बसून चपला धुऊ लागला. तेवढ्यात एक चप्पल त्याच्या हातून सुटली.

"धर! धर!" तो समुद्राच्या दिशेनं दहा-बारा पावलं धावला आणि चप्पल येईल म्हणून पाण्यात हात पसरून उभा राहिला. चप्पल आलीच नाही. ती निवांतपणे उलट्या बाजूला, पुलाच्या दिशेनं निघाली होती.

"आरे! हाई पानी उलटं जाई ऱ्हायनं!"

चेतना पोट धरधरून हसली. भरतीला खाडी उलटीच वाहते, त्यात ओरडण्यासारखं काय, असं ती म्हणाली. पण रूथ हसली नाही. ती डोळे फाडून त्या चपलेकडे पाहत होती.

"चेतना, म्हणजे खालचं पाणी वर येतं? समुद्राकडचं? जाळ्यापर्यंत?"

"जाळ्याच्याही वर येतं. रोज दोनदा."

"मग सकाळी मी वरून जहर आलं म्हणाले, तेव्हा तू बोलली का नाहीस?"

"तू इतकी खातरी करून सांगत होतीस, मला वाटलं तुला ठाऊक असेल. जहर तुमच्याकडचं ना!"

रूथनं कपाळावर हात मारला. नाल्याकाठची अक्कल घेऊन ती खाडीवर आली होती! सकाळचा सगळा वेळ त्यांनी उलट्या दिशेला घालवला होता. आता ओट्यावरच्या बैठकीला फारसा अवकाश नव्हता. ती वळली आणि मुखाकडे पळत सुटली. चपलेचं काय, असं भाग्येशनं विचारलं, पण उत्तर द्यायला कोणी थांबलंच नव्हतं. मग तोही एका पायात चप्पल घालून मागून लंगडत धावू लागला.

जाळ्याच्या पुढे, खाडीच्या कडेनं मातीचा उंच बांध गेला होता. त्यावरून धावताना चेतनानं एकदम दोघांना खाली ओढलं आणि बोट दाखवलं. पाण्यावर पांढरट फेसाचा एक पट्टा सरकत येत होता. भरतीबरोबर, खालून वर. मध्येच एक बोय पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होता, पुन्हा बुडत होता, पुन्हा वर येत होता. हे अगदी तेच होतं!

पट्ट्याच्या मागावर तिघं वाकून, तिवराच्या आडोशानं पुढे गेली. पट्टा कोळंबीच्या पहिल्या तलावाच्या दारापाशी सुरू होत होता. दार म्हणजे लाकडी फळ्या घातलेली मोरी. एक मजूर घाईघाईनं फळ्या खाली सोडत होता, आणि त्याच्या डोक्यावर उभे राहून नवलभाई त्याला झापत होते, की भरतीचं पाणी आत शिरायच्या आधी दार बंद व्हायला पाहिजे होतं. तलाव जवळजवळ रिकामा झाला होता. तळाच्या डबक्यांत पांढऱ्या पोटाचे मासे तरंगत होते. बांधावर पोती रचलेली होती, त्यांतलं एक फाटून तपकिरी भुगा सांडला होता.

"तो भुगा पाहिजे," रूथ कुजबुजली.

"मी आणतो," भाग्येश म्हणाला, आणि कोणी अडवायच्या आत उठून चालायला लागला. लपतछपत नव्हे, सरळ. एका पायात चप्पल, चिखलानं माखलेली चड्डी, विस्कटलेले केस. म्हसावदच्या केळीच्या बागांचा वारस त्या घडीला पक्का रानभैरी दिसत होता. पोत्यापाशी जाऊन त्यानं मूठभर भुगा उचलला आणि हुंगला.

"ए! कोण रे तू?" नवलभाई गरजले.

भाग्येशनं तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहिलं. "काका, हाई काय शे? ढोरेसले चालस का? मन्हा आबानी म्हैस शे."

हा कुठल्या तरी मजुराचा बावळट पोरगा आहे, असं नवलभाईंना वाटलं. त्यांना बैठकीला जायची घाई होती. झिंग्यांचं, म्हणजे कोळंबीचं, खाणं आहे, म्हशीलाच काय, माणसानं खाल्लं तरी चालतं, घे आणि पळ इथून, असं म्हणून त्यांनी मोटारसायकलला किक मारली. भाग्येशनं दोन्ही खिसे ठासून भरले. वर नमस्कारही केला.

ओट्यावर सगळे जमले होते. मामा एका कडेला उभा होता, भरलेली पिशवी पायाशी घेऊन. नवलभाई मध्यभागी खुर्चीत बसून बोलत होते, की चांगल्या गावाला एक नासका माणूस पुरतो.

चेतना जाळी घेऊन जिवंत मासे धरायला खाली पाण्याकडे पळाली. ती येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण थांबणं रूथच्या स्वभावातच नव्हतं. ती लोकांमधून वाट काढत पुढे गेली आणि म्हणाली की मला बोलायचं आहे. मोठ्यांच्या बैठकीत पोरांचं काय काम, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा चेतनाची आई रमिलाबाई दारातूनच म्हणाली की आरोप तिच्या मामावर आहे, तिला बोलू द्या.

रूथनं बादली मागितली. खाडीचं पाणी भरलं. मग भाग्येश पुढे झाला, आणि यावेळी तो शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतलं मराठी बोलला.

"नवलभाई, मघाशी तुम्ही मला हे दिलंत. हे काय आहे म्हणालात?"

नवलभाई त्याच्याकडे पाहून जरा चपापले, पण सावरले. त्यांनी हसत सगळ्यांना सांगितलं, की झिंग्यांचं खाणं आहे, आमच्या तलावाचं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? माणसानं खाल्लं तरी चालतं.

रूथनं भुगा पाण्यात टाकून जोरजोरात घुसळला. पांढरा फेस वर आला. पुढच्या रांगेतले दोघे वाकून पाहू लागले. आता मासा हवा होता. चेतनाचा पत्ता नव्हता. रूथनं इकडेतिकडे पाहिलं, ओट्याखालच्या चिखलात लेवटा जातीचा एक मासा टुकूटुकू बघत बसला होता. तिनं झडप घालून तो धरला आणि बादलीत सोडला.

लेवटा पाण्यात बुडाला, वर आला आणि बादलीच्या कडेला चिकटून बसला. बसला तो बसलाच. डोळे गरागरा फिरवत तो रूथकडे पाहत राहिला. मरणं दूरच, त्याचं बरं चाललेलं दिसत होतं.

आधी एक जण हसला, मग सगळा ओटा हसला. सर्वांत मोठ्यानं नवलभाई हसले. रूथनं बादलीत डोकावलं. कसं शक्य आहे? डोहात तर सगळेच मासे... तिनं मामाकडे पाहिलं. मामानं मान खाली घातली होती. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या काळ्या चिखलानं आपल्याला डोक्यापर्यंत ओढून घ्यावं.

"अगं वेडे, लेवटा हवेत श्वास घेतो!" मागून आवाज आला. केसांपासून पायांपर्यंत भिजलेली चेतना हंडा घेऊन धावत येत होती. "तो पाण्यात राहतोच कुठं! बाजूला हो."

तिनं हंड्यातले दोन बोय बादलीत सोडले आणि त्यांच्यामागोमाग मूठभर कोळंबी. ओट्यावर अजून हसणं चालू होतं. बोय बादलीत गोल फिरू लागले. फिरता फिरता एक वर आला आणि आ वासून हवा ओढू लागला. हसणं कमी कमी होत थांबलं. मग दुसरा आला. लोक उठून भोवती उभे राहिले. पहिला बोय एका अंगावर कलला, सावरला, पुन्हा कलला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं. थोड्या वेळानं दुसऱ्याचं आलं. कोळंबी मात्र तळाशी मिशा हलवत खुशाल फिरत होती.

"हे काल आपल्या जाळ्यात पाहिलं होतं ना?" रूथ म्हणाली. "आज नवलभाईंच्या तलावाचं दार उघडलं. फेस भरतीबरोबर वर आला. आत्ता खाडीत जाऊन पाहा, पट्टा अजून दिसेल. आणि मामा सकाळपासून कुठं होता, ते तुम्हीच सांगा. तुम्हीच त्याच्यावर नजर ठेवून बसला होता."

दोघं तरुण पाण्याकडे धावले आणि तिथूनच ओरडले, की फेस आहे, बोय तोंडं काढताहेत. छगनकाकांनी भाग्येशच्या खिशातून चिमूटभर भुगा घेतला आणि नवलभाईंपुढे हात धरला.

"माणसानं खाल्लं तरी चालतं ना? मग घ्या, नवलभाई."

नवलभाईंनी हाताकडे पाहिलं. मग बादलीतल्या पांढऱ्या पोटांकडे पाहिलं. घाम पुसत ते खुर्चीतून उठले, आणि सगळं बाहेर आलं. ती चहाच्या बियांची पेंड होती. नवी पिल्लं सोडायच्या आधी तलावातले उरलेसुरले मासे मारायला ती टाकतात, झिंग्यांना तिचं काही होत नाही. टाकल्यावर पाणी तलावातच अडवून ठेवायचं, जहर मरू द्यायचं, मग सोडायचं. पण पिल्लं लवकर येणार होती, म्हणून त्यांनी मुठी भरभरून पेंड टाकली आणि लगेच दारं उघडली. एवढी मोठी खाडी, कुठं काय कळणार आहे, असं त्यांना वाटलं.

"आणि या माणसाचं नाव पुढे आलं, तेव्हा?" छगनकाकांनी विचारलं.

नवलभाई आपल्या मोटारसायकलकडे पाहू लागले.

"नुसती घाई झाली असती तर सोडून दिलं असतं," छगनकाका म्हणाले. "पण तुम्ही काल इथं येऊन, सगळं ठाऊक असून, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात."

मग बैठकीनं ठरवलं, की पाण्यातलं जहर मरेपर्यंत तलावाच्या एकाही दाराची फळी हलायची नाही आणि दारांवर जाळेवाल्यांचाच माणूस बसेल. नवलभाईंनी सगळं कबूल केलं आणि मोटारसायकल ढकलत नेली. किक मारायचंही त्यांना सुचलं नाही.

वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या कौसाबाईंनी तिन्ही पोरांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. आमच्या जन्मात आम्ही खाडीला एवढे प्रश्न विचारले नाहीत, असं त्या म्हणाल्या. भाग्येशला कोणीतरी नव्या चपला देऊ केल्या, दोन्ही पायांच्या. रूथचं कशातच लक्ष नव्हतं. ती मामापाशी गेली.

"मामा, मीच बोलले होते. गेळाचं."

"खरं तेच बोललीस," मामा म्हणाला. "फक्त अर्धं बोललीस. उरलेलं आज बोललीस." आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. रूथ दोन दिवस रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

छगनकाका खाकरत जवळ आले. त्यांना काही म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. मामानं पायाशी ठेवलेली पिशवी त्यांनी उचलली, खांद्याला लावली आणि मग खिशातून फोन काढला. गावी सोमीबाईंना लाव, असं ते मामाला म्हणाले. इथं शंभर माणसांपुढे बोललो ते इथं राहील, जिथं बदनामी पोचली तिथंही हे पोचलं पाहिजे. त्यांनी फोनचा आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बेन, मी छगन बोलतो, खाडीफळियावरून," ते मोडक्या मराठीत, शब्द शोधत बोलू लागले. "तुमचा माणूस खरो आहे. त्यानं काही नाही केलं. भूल माझी झाली. मी सगळ्यांसमोर सांगतो. चर्चमध्ये पण सांगा, छगननं माफी मागली."

ओट्यावरचे सगळे कान देऊन उभे होते.

"त्यानं काही केलं नाही, हे मला कालच ठाऊक होतं," सोमीमामीचा ठणठणीत आवाज आला. "तो घरच्या डोहात गेळ टाकायला चार जणांना विचारतो, तो तुमच्या खाडीत काय टाकणार? एवढं कळायला तुम्हाला पोरं लागली, भाऊ. बरं, पोरं जेवली का?"

छगनकाकांनी पोरांकडे पाहिलं. सकाळपासून कोणाच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता, हे तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं. रमिलाबाई लगबगीनं चुलीकडे धावली आणि छगनकाका फोनवर दुसऱ्यांदा माफी मागू लागले.